मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल : रोग्याच्या खोलीतील फुले, चित्रे व गायन

शौल राजाचे चित्त व्याकूळ झाले असता दाविदाने वीणा वाजवावी आणि राजाला आराम पडावा, ही कथा आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. परंतु दवाखान्यात पडलेल्या आपल्या माणसाला भेटावयास निघताना त्या कथेचे स्मरण फारच थोड्यांना होते. आम्हालाही ते झाले नव्हते. एका नाताळाच्या आठवड्यात मंडळीतील काही बंधुभगिनींसह आम्ही एका दवाखान्यात भजने म्हणावयास गेलो. झांजा, ढोलकी, चिपळ्या असा सर्व सरंजाम बरोबर होता. पहिलेच भजन टिपेला पोहोचले, तोच कोपऱ्यातील खाटेवरची एक बाई, जिच्यावर आदल्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली होती ती, उशीत तोंड खुपसून कण्हू लागली. परिचारिकेने हाताने खूण करून आम्हाला थांबविले. आम्ही खजील होऊन झांजा पिशवीत घातल्या. मग आमच्यातील एका वृद्ध बायबलबाईने कोणाला न विचारता तेच भजन संथ चालीवर, हलक्या आवाजात, एकटीनेच म्हटले. ती आजारी बाई हळूच तोंड फिरवून ऐकत राहिली.

घरी आल्यावर ही हकीकत एका वडीलधाऱ्या डॉक्टरांना सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले की हे सर्व नाइटिंगेलबाईंनी दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेविले आहे. नाइटिंगेलबाईंचे नाव आमच्या वाचकांना नवे नाही. मिशनच्या दवाखान्यांत त्यांची तसबीर टांगलेली असते, आणि हातात दिवा घेऊन जखमी शिपायांच्या खाटांमधून रात्री फिरणारी बाई म्हणून त्यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही असते. पण रोग्याच्या डोळ्यांना आणि कानांना काय हवे असते, याविषयी त्यांनी जो विचार केला तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. म्हणून त्यांचे चरित्र त्या बाजूने थोडेसे येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

नाइटिंगेल हे इंग्लंडातील श्रीमंत घराणे. आईबाप इटलीच्या प्रवासात असताना फ्लॉरेन्स शहरी १२ मे १८२० रोजी ही कन्या जन्मली, आणि त्या शहराचेच नाव तिला मिळाले. बापाने तिला व तिच्या वडील बहिणीला घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास व तत्त्वज्ञान शिकविले. मुलगी आकडेमोडीत हुशार होती, परंतु तिचा खरा जीव संगीतावर. सतरा-अठरा वर्षांची असता घरच्या मंडळींबरोबर ती पुन्हा इटलीत गेली, तेव्हा तेथील गायनप्रधान नाटकांनी तिला अगदी वेड लावले. आईच्या मागे लागून आठवड्यातून अनेक वेळा तिने ती पाहिली, आणि कोणत्या गवयाने काय गाइले याच्या नोंदी एका वहीत नीट मांडून ठेविल्या. पुढे रोग्याला कोणता नाद सोसतो आणि कोणता सोसत नाही हे ठरविताना हाच कान तिच्या कामी आला, असे आम्हाला वाटते.

त्याच सुमारास, १८३७ सालच्या फेब्रुवारीच्या सातव्या तारखेस, देवाने आपल्याला त्याच्या सेवेसाठी बोलाविले असे तिला स्पष्ट जाणवले. सेवा कोणती, हे मात्र अनेक वर्षे कळले नाही. खेड्यातील गरिबांच्या झोपड्यांत आजाऱ्यांजवळ बसता बसता तिला ते उमगले. परंतु घरच्यांना तिने इस्पितळात काम करण्याचे नाव काढताच जणू आकाश कोसळले. यात त्यांचा सर्वस्वी दोष नव्हता. त्या काळची इस्पितळे घाणेरडी, तेथे काम करणाऱ्या बायका पुष्कळदा दारू पिणाऱ्या, आणि कुलीन घरच्या मुलीने तिकडे पाऊल टाकावे हे कोणाला कल्पनेतही येत नसे. तिने हट्ट सोडला नाही, आणि घरही सोडले नाही. या ओढाताणीत तिच्या तारुण्याची बरीच वर्षे गेली. चांगल्या माणसाकडून लग्नाची मागणी आली, तीही तिने नाकारली.

१८४७-४८ च्या हिवाळ्यात ती स्नेह्यांबरोबर रोम येथे राहिली होती. तेथील सिस्टाइन मंदिराच्या छतावर मिकेलअँजेलो या चित्रकाराने जगाच्या उत्पत्तीपासूनची पवित्र शास्त्रातील दृश्ये रंगविली आहेत. ते छत पाहून ती इतकी भारावली की त्या चित्रांच्या प्रती तिने पुढे जन्मभर आपल्या खोलीत लाविल्या. चांगले चित्र माणसाच्या मनाला बिछान्यावरून उचलून दुसरीकडे नेते, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

पुढे १८५१ साली तिला जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे तीन महिने राहण्यास परवानगी मिळाली. पाळक फ्लीडनर यांनी १८३६ साली तेथे प्रॉटेस्टंट सेविकांची एक संस्था स्थापिली होती. तिच्यात इस्पितळ, अनाथालय व शाळा असत, आणि शेतकऱ्यांच्या मुली तेथे येऊन प्रभूच्या नावाने रोग्यांची सेवा शिकत. राहणी अगदी साधी होती. श्रीमंताची ही मुलगी तेथे पहाटे उठून काम करी आणि जन्मात कधी नव्हती इतकी आनंदी होती. परत आल्यावर १८५३ साली लंडनातील आजारी स्त्रियांच्या एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था तिच्या हाती आली. बापाने वर्षाला ५०० पौंड तिच्या खर्चासाठी लावून दिले, आणि घरचा वाद तेथे संपला.

१८५४ साली क्रिमियाचे युद्ध पेटले. तुर्कस्तानात, कॉन्स्टँटिनोपलच्या समोरील स्कुटारी येथे इंग्रजांनी एका मोठ्या बराकीचे इस्पितळ केले होते. तेथील शिपायांचे हाल वर्तमानपत्रांत छापून आले, तेव्हा मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी नाइटिंगेलबाईंना विनंती केली, आणि २१ ऑक्टोबर रोजी ३८ परिचारिका बरोबर घेऊन त्या निघाल्या. ४ नोव्हेंबरला त्या पोहोचल्या तेव्हा तेथे पुरेशी भांडी नव्हती, स्वच्छ कपडे नव्हते, आणि उंदीर मात्र वाटेल तितके होते. बाईंनी घासण्याचे ब्रश आणविले, धुलाईखाना काढला, स्वयंपाकघर सुरू केले. रात्री दिवा घेऊन त्या फिरत, ते याच ठिकाणी.

येथे एक गोष्ट आम्ही लपवू इच्छीत नाही, कारण पुष्कळ चरित्रांत ती गाळली जाते. बाई आल्या म्हणून लगेच मृत्यू थांबले असे घडले नाही. १८५५ च्या फेब्रुवारीत तर शंभर रोग्यांमागे सुमारे ४२ माणसे दगावत होती. इमारतीखालील गटारे तुंबलेली, पाणी दूषित, हवा कोंडलेली. मार्चमध्ये इंग्लंडहून आरोग्यखात्याचे पथक आले, त्याने गटारे साफ केली, पाण्याची सोय केली, हवेला वाट दिली. आणि जूनपर्यंत तेच मान शंभरात दोनावर आले. युद्ध संपून घरी आल्यावर बाईंनी आकडे तपासले, तेव्हा त्यांना हे पूर्णपणे कळून आले. आपल्या डोळ्यांदेखत इतकी माणसे घाणीने मेली ही जखम त्यांच्या अंतःकरणाला कायमची राहिली. तेव्हापासून हवा, पाणी, उजेड व स्वच्छता यांना पहिले स्थान, आणि मग बाकी सर्व, असा त्यांचा क्रम ठरला. फुलांविषयी व गायनाविषयी त्यांनी जे सांगितले ते या क्रमात बसवूनच वाचावयास हवे. मोरी तुंबलेली ठेवून खाटेजवळ फुले ठेविली, तर त्या फुलांचा उपयोग नाही.

मे १८५५ मध्ये बाई युद्धभूमीवरील इस्पितळे पाहण्यास बालाक्लाव्हा येथे गेल्या आणि तेथे तापाने अंथरुणास खिळल्या. त्यांचा जीव जातो की काय अशी वेळ आली होती. एका लाकडी झोपडीत त्यांना ठेविले होते. अशा झोपडीत निजलेल्या तापकऱ्याला खिडकीबाहेरचे काही दिसत नाही. फळीतील गाठी तेवढ्या डोळ्यांसमोर राहतात, आणि त्या पाहून पाहून जीव किती कासावीस होतो हे त्यांनी स्वतः अनुभविले व पुढे लिहून ठेविले. आजारातून उठताना कोणी त्यांना रानफुलांचा एक झुबका पाठविला, आणि तेव्हापासून आपल्याला लवकर उतार पडू लागला असेही त्यांनी नमूद केले आहे. ही रानफुले म्हणजे काही बागेतील मौल्यवान गुलाब नव्हत. आमच्याकडे पावसाळ्याच्या शेवटी बांधाबांधावर तेरडा फुलतो, त्यासारखी काही असावीत.

बऱ्या झाल्यावर त्या स्कुटारीस परतल्या, आणि अंथरुणातून उठलेल्या पण अजून अशक्त अशा शिपायांकडे त्यांचे लक्ष गेले. ही माणसे दिवसभर रिकामी बसत आणि हातात पैसा आला की दारूच्या दुकानाकडे वळत. बाईंनी त्यांच्यासाठी वाचनाच्या खोल्या उघडल्या. तेथे वर्तमानपत्रे, नकाशे, चित्रे, खेळ व लिहिण्याचे साहित्य ठेविले. शिकविण्यास शिक्षक आणविले. आणि दारूऐवजी कॉफी मिळेल असे एक गृहही काढिले. या रानटी लोकांना तुम्ही बिघडवाल, असे काही अधिकारी त्यांना बजावीत. शिपायांनी काय केले ते पाहा. घरी पैसे पाठविण्याची सोय होताच सहा महिन्यांच्या आत त्यांनी ७१,००० पौंड आपल्या बायकामुलांकडे रवाना केले. यापूर्वी हा पैसा कोठे जात असेल हे सांगण्याची गरज नाही. दारूच्या पायी ज्या घरांची धूळधाण झालेली आमच्या उपदेशकांनी पाहिली आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ बरोबर कळेल.

ऑगस्ट १८५६ मध्ये बाई स्वदेशी परत आल्या. लोक जयघोष करावयास उभे होते, म्हणून त्या गुपचूप आल्या. प्रकृती मात्र कायमची ढासळली होती. १८५७ नंतर त्यांची पुष्कळ वर्षे बिछान्यावर किंवा कोचावर गेली. म्हणजे रोग्याच्या खोलीविषयी त्यांनी जे लिहिले, ते केवळ उभे राहून पाहणाऱ्या परिचारिकेने लिहिलेले नव्हे. ते निजून छताकडे पाहणाऱ्या माणसाचेही आहे.

शुश्रूषेसंबंधीचे त्यांचे छोटेखानी पुस्तक १८५९ च्या अखेरीस तयार झाले आणि पहिल्याच महिन्यात त्याच्या १५,००० प्रती खपल्या. १८६१ साली कष्टकरी लोकांसाठी त्याची स्वस्त आवृत्ती निघाली. तीत तान्ह्या मुलांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी एक निराळे प्रकरण घातले होते. या पुस्तकात रोग्याला लागणाऱ्या बदलाविषयी एक भाग आहे आणि आवाजाविषयी एक. बाईंचे सांगणे असे की एकाच खोलीत, त्याच चार भिंतींत, महिनोन्महिने पडलेल्या माणसाच्या मनाला जे क्लेश होतात ते निरोगी माणसाला समजतच नाहीत. सुंदर वस्तू, त्यांचा आकार आणि विशेषेकरून रंग यांचा परिणाम केवळ मनावर होतो असे लोक समजतात. परंतु तो शरीरावरही होतो, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून रोग्याला बाहेरचे झाड, आकाश, रस्ता काही तरी दिसेल अशी खाट मांडावी. भिंतीवर एखादे चित्र लावावे आणि काही दिवसांनी ते बदलावे. रंगीत फुले आणून ठेवावीत. हातांना जमेल इतके शिवणकाम किंवा लिहिणे द्यावे. वर्षानुवर्षे खोलीत अडकलेल्या माणसाला एखादा पाळीव पक्षी किंवा लहानसा प्राणीसुद्धा मोठा सोबती होतो. बाईंना स्वतःला मांजरांची फार आवड होती, आणि त्यांच्या घरी ती पुष्कळ असत.

आवाजाविषयी त्यांनी फार बारकाईने पाहिले होते. एकसारखा चाललेला आवाज मोठा असला तरी रोगी सोसतो, पण अकस्मात झालेला लहानसा आवाज त्याला दचकवितो. दाराबाहेर किंवा खोलीच्या कोपऱ्यात कुजबुजणे हे तर त्यांनी क्रूरपणाचेच मानले आहे, कारण रोगी कान टवकारून ऐकत राहतो आणि आपल्याविषयीच काही वाईट बोलत असावेत असे समजतो. आमच्या खेड्यांत आजाऱ्याच्या उशाशी बसून नातेवाईक जे हलक्या आवाजात चर्चा करितात, तिला हे तंतोतंत लागू आहे. वाचून दाखवावयाचे तर सावकाश वाचावे. आजारी मुलांना वाचून दाखविण्यापेक्षा गोष्ट तोंडी सांगितलेली आवडते, असेही त्यांनी पाहिले होते.

संगीताविषयीचे त्यांचे निरीक्षण आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. माणसाचा गळा, फुंकून वाजवावयाची वाद्ये आणि ज्या तंतुवाद्यांतून सलग नाद निघतो ती वाद्ये यांचा रोग्यावर बहुधा चांगला परिणाम होतो. पियानोसारख्या, ठोक्यांनी वाजणाऱ्या आणि सूर तुटत जाणाऱ्या वाद्याचा परिणाम उलट होतो, मग वाजविणारा कितीही निष्णात असो. रस्त्यात हाताने फिरवून वाजविण्याच्या साध्या पेटीवर एखादी ओळखीची संथ चाल निघाली, तरी ती त्याहून अधिक शांती देते. आजचे डॉक्टर हा नियम शब्दशः मान्य करतीलच असे नाही. पण आमच्या झांजांची जी गत झाली ती पाहता आम्हाला तरी त्यात तथ्य दिसते. आपल्याकडील बासरी, सारंगी आणि बाजाची पेटी या कसोटीस उतराव्यात. ढोलकी व झांज यांना दवाखान्याच्या फाटकाबाहेर ठेवावे हे बरे. ज्या नाशिकात टिळकांचे विद्यार्थीपण गेले आणि ज्याच्या शेजारच्या जलालपुरात लक्ष्मीबाईंचा जन्म झाला, तेथील मंडळ्यांना टिळकांची संथ चालीची पदे शिकवावयास बाहेरून कोणी यावयास नको.

हे सर्व एका बाईच्या आवडीनिवडीचे बोलणे आहे, असे कोणी म्हणेल. त्याने पुढील हकीकत ध्यानात घ्यावी. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांच्या नोंदी उल्रिच नावाच्या एका संशोधकाने तपासल्या. या नोंदी १९७२ ते १९८१ या काळातील होत्या. निम्म्या रोग्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, लिंग वगैरे बाबतींत सारखे असे दोन दोन रोगी घेऊन त्याने जोड्या लाविल्या. झाडे दिसणारे रोगी सरासरीने सुमारे पाऊण दिवस लवकर घरी गेले, आणि वेदना शमविणारी तीव्र औषधेही त्यांना कमी लागली. हा निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाला. रोगी थोडे होते हे खरे. पण नाइटिंगेलबाईंनी झोपडीतील फळीच्या गाठी पाहत जे जाणले, तेच येथे आकड्यांत उतरले आहे. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही कला व आरोग्य यांच्या संबंधावर पुष्कळ अभ्यास एकत्र करून एक मोठा अहवाल काढिला.

आता आपल्या देशाशी बाईंचा जो संबंध आला तो सांगू. त्या हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत, परंतु सुमारे चाळीस वर्षे त्यांनी आपल्या देशाची चिंता वाहिली. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यास १८५९ साली एक राजमंडळ नेमले गेले, व १८६३ साली त्याचा दोन हजारांहून अधिक पानांचा अहवाल बाहेर पडला. त्या फौजेत वर्षाला हजारी ६९ माणसे मरत, आणि ती बहुतेक लढाईत नव्हे तर रोगाने. बराकींची घाण, दूषित पाणी, दारू आणि रिकामपण ही कारणे बाईंनी एकामागून एक दाखविली. शिपायांना बागकाम, कारागिरीच्या शाळा, वाचनालये व खेळ द्यावेत असा त्यांचा आग्रह होता. इतकी पाने कोण वाचणार, हे ओळखून त्यांनी आपल्या टिपणांत लाकडी ठशांची चित्रे घातली, आणि सरकार कुरकुर करील तर चित्रांचा खर्च आपण सोसू अशी तयारी दाखविली. दहा वर्षांनी हजारी मृत्यूचे मान १८ वर आल्याचे त्यांना लिहिता आले.

नाशिकजवळच्या देवळालीस १८६१ साली जी छावणी पडली, तिच्यात मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहत राहत. उन्हात, काम नाही, करमणूक नाही, असे महिने काढताना कित्येकांचे डोके फिरे. इतके की देवळालीच्या नावावरून वेड लागण्याला इंग्रजीत डूलॅली हा शब्दच पडला. रिकाम्या भिंती आणि रिकामे दिवस माणसाचे काय करितात, याची साक्ष बाईंना आपल्याच जिल्ह्यात मिळाली असती.

आणखी एक धागा नाशिकशीच जुळतो. चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेले शरणपूर सर्वांना माहीत आहे. त्या सोसायटीचे एक सेवक रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी धर्मातून ख्रिस्ताकडे आलेले. त्यांची मुलगी कॉर्नेलिया नाशिकातच १८६६ साली जन्मली. तिला ऑक्सफर्ड येथे शिकावयास जावयाचे होते, आणि मुलगी म्हणून सरकारी शिष्यवृत्ती तिला नाकारली गेली. तेव्हा इंग्लंडातील ज्या मंडळींनी पैसा जमवून १८८९ साली तिला नेले, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव होते. कॉर्नेलियाबाई पुढे कायदा शिकल्या आणि पडद्यातील स्त्रियांचे खटले त्यांनी चालविले.

म्हातारपणी बाईंचे लक्ष छावण्यांकडून खेड्यांकडे वळले. मुंबई इलाख्यातील खेड्यांच्या स्वच्छतेचा कायदा १८८९ साली झाला, त्याच्या मसुद्यात त्यांनी लांबून रस घेतला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार असे. १८९३ व १८९६ साली हिंदुस्थानातील खेड्यांत आरोग्याची व्याख्याने व आरोग्यसेवक कसे पाठवावेत यावर त्यांनी लेख लिहिले. कायद्याचा कागद दाखवून खेडेगावचा माणूस विहीर स्वच्छ ठेवणार नाही; त्याच्या घरी जाऊन, त्याचा विश्वास मिळवून, त्याला दाखवून सांगितले पाहिजे असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी जादूचा कंदील, म्हणजे पडद्यावर चित्रे पाडणारे यंत्र, उपयोगी पडेल असेही त्यांनी सुचविले. आमच्या जुन्या उपदेशकांनी असाच कंदील बैलगाडीतून गावोगाव नेऊन प्रभूच्या जीवनाची चित्रे दाखविली होती. नाइटिंगेलबाईंच्या कंदिलाने गढूळ पाण्यातील जंतू दाखवावयाचे होते.

त्यांच्या मतांत चुका नव्हत्या असे नाही. रोग एका माणसापासून दुसऱ्याला लागतो ही गोष्ट त्यांनी फार वर्षे मानली नाही. घाण व कोंडलेली हवा हेच मूळ, असे त्या म्हणत राहिल्या. स्वभावही कडक होता, आणि बरोबर काम करणाऱ्यांना त्यांनी पुष्कळ वेळा थकवून सोडिले. पण १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात त्यांच्या नावाच्या निधीतून परिचारिकांची जी शाळा निघाली, तिच्यामुळे हे काम सभ्य स्त्रियांचे झाले. आज आमच्या मंडळ्यांतील कितीतरी मुली पांढरा पोशाख करून दवाखान्यांत उभ्या आहेत, त्यांच्या आयांना तेव्हाची निंदा ऐकावी लागली नाही.

१८६५ पासून त्या लंडनातील साउथ स्ट्रीट येथील घरी राहिल्या. त्यांची निजावयाची खोली त्यांनी स्वतः लिहिलेल्या नियमांप्रमाणेच होती. भिंती पांढऱ्या, खिडक्या मोठ्या, जड पडदे नाहीत. बाहेर सज्जा, सज्ज्यावर फुलझाडे, आणि पलीकडे एका मोठ्या वाड्याची बाग. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी, ज्यांच्याबरोबर त्यांनी गरिबांच्या घरी परिचारिका पाठविण्याचे काम केले, त्यांना फुलांची एक मांडणी भेट दिली होती आणि तिच्यावर ते नित्य ताजी झाडे पोहोचवीत. शेवटची काही वर्षे बाईंची दृष्टी गेली, तेव्हा वर्तमानपत्रे व पुस्तके दुसऱ्यांकडून वाचून घ्यावी लागत. १९०७ साली राजाने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा मान दिला. तो मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री होत. तोवर आपल्याभोवती काय चालले आहे याचे भानही त्यांना पुरते राहिले नव्हते.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्या झोपेतच प्रभूकडे गेल्या. राजेरजवाड्यांना पुरतात त्या वेस्टमिन्स्टरच्या मंदिरात त्यांना ठेवण्याची सूचना झाली, परंतु त्यांची इच्छा तशी नव्हती. लहानपणी ज्या खेड्यातील झोपड्यांतून त्या हिंडल्या, त्याच्या जवळच्या ईस्ट वेलो येथील लहानशा देवळाच्या आवारात, आईबापांजवळ, त्यांना मूठमाती दिली. थडग्यावर त्यांच्यापुरती नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्म व मृत्यूची नोंद, इतकेच कोरलेले आहे.